कॉलरवालीचा हॉल

हॉल विकला गेल्याची बातमी धाकट्याने घरी आणली. पण एका दमात सांगून टाकील तर तो धाकटा कसला! दादांचा हा धाकटा भाऊ म्हणजे फ्रीज दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरांत गुडघे टेकून बसायचा, कानावर पडेल ते गोळा करायचा आणि संध्याकाळी दादांच्या टेलरिंगच्या दुकानात येऊन थोडं थोडं वाढायचा. त्या दिवशी तो आला, कटिंगच्या टेबलाला टेकला, चहा मागितला, साखर कमी आहे म्हणून कुरकुरला, आणि मग म्हणाला, "दादा, आपल्या हॉलमधला मोठा फ्रीज आज मी काढून ठेवला."

दादा खडूने कापडावर रेघ मारत होते. रेघ मारताना ते कोणाकडे बघत नसत. "बिघडला?"

"फ्रीज ठणठणीत आहे. हॉलच गेला."

"कुठे गेला?"

"विकला. मालक मुलाकडे परदेशी निघून गेले, कायमचे. नव्या मालकाला फ्रीज नकोय. झुंबरं नकोत. लग्नंही नकोत."

रेघ वाकडी झाली. पलीकडे मापांची वही लिहीत बसलेल्या त्यांच्या बहिणीने, आत्याने, ते पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. दादांची रेघ वाकडी होणं म्हणजे घराचा पाया हलल्यासारखंच.

लग्नाला एकोणीस दिवस राहिले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि पत्रिकेवर दादांनी हौसेने हॉलचं चित्र छापून घेतलं होतं, झुंबरांसकट. होणाऱ्या विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर आपण सुईदोरेवाले दिसू नये, नामांकित टेलर दिसावं, एवढीच दादांची माफक इच्छा होती, आणि ती सगळीच्या सगळी त्या झुंबरांना लटकलेली होती.

वाईट बातमीचा वास वहिनींना भिंतीआडून यायचा. त्या ओल्या हातांनी जिना उतरून आल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं, एवढ्या लांबचा हॉल नको."

"तुम्ही म्हणाला होतात, हॉलचा रंग फिकट आहे," धाकट्याने आठवण करून दिली.

"तेच ते. मन सांगत होतं माझं."

"मी वकिलाकडे जातो," दादा म्हणाले.

"जा. निकाल लागेपर्यंत मुंगीची मुलं शाळेत जायला लागतील," वहिनी म्हणाल्या.

मुंगी म्हणजे दादांची लेक, म्हणजेच नवरी. लहानपणी एवढीशी होती आणि एका जागी बसत नसे, म्हणून मुंगी. आता जमिनी मोजायच्या खात्यात नोकरीला होती आणि कामाशिवाय बोलत नव्हती. कामावरून आली, सगळं ऐकून घेतलं आणि फोन घेऊन बसली. तासाभरात तिने आठ ठिकाणं विचारून पाहिली. त्या तारखेला सगळ्यांनी एकदमच लग्नं काढलेली दिसत होती. वाचनालयाची खोली मोकळी होती, पण तिथे मोठ्याने बोलायला बंदी. एका शाळेचा व्यायामाचा हॉल मिळत होता, तो मुंगीने स्वतः जाऊन पाहिला आणि परत येऊन एवढंच म्हणाली, "मोज्यांचा वास येतो."

"आपल्या गच्चीवर करू," धाकटा म्हणाला.

"एकशेवीस माणसं गच्चीवर चढवलीस तर लग्न खालच्या मजल्यावर होईल," वहिनी म्हणाल्या. त्यांचं मत लग्न महिनाभर पुढे ढकलावं असं होतं. दादांचं मत होतं की एक दिवसही ढकलू नये. धाकटा ज्याचा आवाज चढेल त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसत होता.

दोन दिवसांनी हॉलकडून पत्र आलं. चार ओळी. मंगळवारी सकाळी अकराला येऊन भेटावं, पत्रातून सांगण्यासारखी गोष्ट नाही. खाली एका बाईंची सही. दादांनी नाव दोनदा वाचलं.

"कोण या बाई?"

धाकटा हसू दाबत होता. हीच बातमी त्याने दोन दिवस राखून ठेवली होती. "तुम्ही कसं ओळखाल? तिला नावाने हाक कधी मारलीत? दादा, ही आपली कॉलरवाली."

दुकानातली सगळी मशिनं जणू एकदम थांबली. आत्याने हातातली टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

कॉलरवाली या दुकानात सहा वर्षं होती, खिडकीजवळच्या मशिनवर. तिने लावलेली कॉलर मानेवर अशी बसायची की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायला तयार नसे. मग एका दुपारी न्यायाधीशांचा नवा कोट इस्त्रीखाली जळला. पाठीवर मधोमध, इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. कॉलर लावून तो कोट इस्त्रीच्या टेबलावर तिनेच आणून ठेवला होता, म्हणून तिच्यावर आलं. दादांनी त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढलं. या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती, आणि दुकानात अजूनही कोणी इस्त्री गरम ठेवून हलला की दादा म्हणायचे, "कॉलरवाली होऊ नकोस."

ते वाक्य ऐकलं की आत्या दर वेळी उठून मागच्या खोलीत जायची. कारण कोट तिने जाळला होता. चोवीस वर्षांची होती ती तेव्हा. रहस्यकथेची शेवटची दोन पानं राहिली होती, खुनी कोण ते कळायचं होतं, आणि इस्त्री उभी करून ठेवायच्या ऐवजी कोटावर आडवी राहिली. खुनी कोण ते कळलं तेव्हा धूर निघत होता. संध्याकाळी सांगू असं तिने ठरवलं. संध्याकाळी कॉलरवाली गेलेली होती. उद्या सांगू असं ठरवलं. असे उद्या करत करत बावीस वर्षं गेली.

"आत्या जाईल बोलायला," दादा म्हणाले. मुंगी जन्मल्यापासून सगळं घर तिला आत्याच म्हणत होतं, सख्खे भाऊसुद्धा. "हिचं तिच्याशी चांगलं जमायचं. दोघी डबा एकत्र खायच्या."

"अगदी बरोबर बोललात," वहिनी म्हणाल्या. नवराबायकोचं एकमत झालं, आणि तेही नेमकं आपल्या गळ्याशी, हे पाहून आत्याने मापांची वही पुढे ओढली.

"मंगळवारी दोन ट्रायली आहेत माझ्याकडे," ती म्हणाली.

"मंगळवारी दुकान बंद असतं, आत्या," धाकटा गोड आवाजात म्हणाला.

शेवटी सगळेच निघाले. दादा काहीतरी बोलून बसतील म्हणून वहिनी, वहिनी काही बोलल्या तर सावरायला दादा, गाडी चालवायला आणि मजा बघायला धाकटा. मुंगीने रजा काढली आणि मोजायची लांब टेप पिशवीत टाकली. आत्या मागच्या सीटवर दाराला चिकटून बसली होती. वाटेत तिने दोनदा पोटात कळ येत असल्याचं सांगितलं. वहिनींनी पर्समधून गोळी काढून दिली. खोटं बोललेलं असल्यामुळे तिला ती कडू गोळी पाण्याशिवाय गिळावी लागली.

हॉलची दारं सताड उघडी होती. झुंबरं खाली उतरवून कापडात गुंडाळून भिंतीशी ठेवली होती आणि छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. दादांनी त्या वायरींकडे असं पाहिलं, जसं एखाद्याच्या दात पडलेल्या तोंडाकडे पाहावं.

"या मास्तर," आवाज आला.

कॉलरवाली शिडीवरून उतरली. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, पण गळ्यात टेप तशीच आणि मनगटावर टाचण्यांची गादी तशीच. तिने सगळ्यांना बसायला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. वहिनींना विचारलं, गुडघे कसे आहेत. मुंगीला म्हणाली, "तू माझ्या टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायचीस." शेवटी आत्याकडे पाहिलं. "ताई, बारीक झालात."

"तुम्ही... तू..." आत्याला पुढचं सुचेना. ज्या बाईला सहा वर्षं 'अगं' म्हटलं, तिला तिच्याच हॉलमध्ये काय म्हणायचं, हे कोणी ठरवून दिलेलं नव्हतं.

"अगंच म्हणा. सवयीचं आहे."

मग ती मुद्द्यावर आली. हॉलचं ती शिवणघर करणार होती. बासष्ट मशिनं येणार होती, बारा तारखेला. मुंगीचं लग्न चौदाला. "सात घरांची बुकिंगं होती. सहा घरांना मी दुसऱ्या जागा शोधून दिल्या, स्वतः फिरून. तुमच्या तारखेला जागाच नाही. पत्रात कसं लिहायचं, म्हणून बोलावलं."

"मशिनं आठवडाभर उशिरा आणली तर?" दादांनी विचारलं.

"बासष्ट बायका जुनी कामं सोडून आल्यात, मास्तर. पंधरा तारखेला काम सुरू करीन असा शब्द दिलाय त्यांना."

दादांनी घसा साफ केला. हा घसा आत्याच्या ओळखीचा होता. गिऱ्हाइकाला पँट तोकडी झालेली नाही हे पटवून द्यायच्या आधी तो असाच साफ व्हायचा. "हे बघ, आपले जुने संबंध आहेत. सहा वर्षं आमच्याकडे होतीस. काम इथेच शिकलीस म्हणायला हरकत नाही..."

"अहो," वहिनी पुटपुटल्या.

"...आणि झालं गेलं मी केव्हाच विसरलो आहे. एका कोटाचं काय एवढं?"

धाकट्याने डोळे मिटून घेतले. कॉलरवालीने मनगटावरची एक टाचणी काढली आणि तीच पुन्हा खोचली.

ती टाचणी आत्याला कुठे टोचली कोण जाणे. ती उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"कोट मी जाळला होता."

कोणीच खुर्ची उचलली नाही.

"मी जाळला," आत्या पुन्हा म्हणाली, या वेळी कॉलरवालीकडे बघून. "पुस्तक वाचत होते. तुझ्यावर आलं आणि मी गप्प बसले. मला भीती वाटली."

"मला माहीत आहे ताई," कॉलरवाली म्हणाली. "कोट ठेवायला आले तेव्हा इस्त्री तुमच्या हातात होती. आणि पुस्तक इतकं नाकाशी होतं की मी दोनदा हाक मारली ती ऐकू गेली नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणी ऐकलं असतं? तुम्ही घरच्या, मी बाहेरची. आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल. मी खाली जिन्यात थांबले होते त्या संध्याकाळी. दिवे लागेपर्यंत." ती हे अगदी साधेपणाने बोलत होती, कपड्याचं माप सांगावं तसं. "नंतर राग गेला. चोवीस वर्षांची पोर होतात. मास्तरांचा तर मी कधीच राग धरला नाही. त्यांना जे दिसलं त्यावर ते वागले."

आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रुमाल सापडेना. वहिनींनी पर्स उघडून सगळ्या गोळ्या बाहेर काढल्या, पण रुमाल निघाला नाही. दादांना बहिणीचं रडणं लहानपणापासून बघवत नसे. त्यांच्यासमोर ती कधी रडली की ते काहीतरी मोडायचे किंवा काहीतरी बोलायचे.

"पुरे!" ते म्हणाले. "तिला कशाला रडवता सगळे? मलाही माहीत होतं."

"काय माहीत होतं?" वहिनींचा हात पर्समध्येच राहिला.

"कोट हिने जाळला ते. टेबलाखाली पुस्तक पडलेलं होतं. दुकानात दुसरं कोण वाचत होतं?"

आता मात्र कॉलरवालीचा चेहरा बदलला. इतका वेळ तो मऊ होता. ती हळूच उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली, सगळ्यांकडे पाठ करून. आत्या भावाकडे बघत राहिली. आपलं गुपित आपण एकटीने वाहिलं असं तिला बावीस वर्षं वाटत होतं. हा माणूस जेवायला शेजारी बसून तेच वाहत होता, आणि वर 'कॉलरवाली होऊ नकोस' म्हणत होता.

"माहीत असून तिला काढलंत?" वहिनींचा आवाज चढला. "आणि मला बावीस वर्षं सांगताय की ती निष्काळजी होती! मी तिच्या जागी दुसरी बाई शोधायला दारोदार फिरले! एकीचीही कॉलर सरळ बसली नाही!"

"न्यायाधीशांना कोणाचं तरी नाव सांगायचं होतं. बहिणीचं कसं सांगणार? तिच्या लग्नाचं बघत होतो मी."

"माझं लग्न झालंय का?" आत्याने विचारलं.

दादा बाहीला चिकटलेला दोरा उपटू लागले.

तेवढ्यात हॉलच्या त्या टोकाकडून सर्रर्र आवाज आला. मुंगी जमिनीवर गुडघे टेकून टेप ओढत होती. बाकीचे बावीस वर्षांत अडकले होते तेव्हा तिने अख्खा हॉल मोजून काढला होता.

"मावशी," तिने खिडकीशी उभ्या असलेल्या पाठीला हाक मारली, "मशिनं भिंतीलगत दोन्ही बाजूंनी दुहेरी लावायची म्हटली तर मध्ये अठरा फूट राहतात. त्यात सहा सहाच्या वीस रांगा बसतात. तुम्ही मशिनं थांबवू नका. ती असू देत, आम्ही मधे बसू. हॉल मागायचा हक्क आता आम्हाला उरलेला नाही, ते कळतंय मला. नाही म्हणालात तरी चालेल. मोज्यांचा वास सहन करू."

कॉलरवाली वळली. तिचे डोळे लाल होते. तिने मुंगीच्या हातातली टेप पाहिली, मग जमिनीवरच्या खडूच्या खुणा पाहिल्या. सरळ होत्या.

"तुला देते हॉल," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांना नाही. मास्तर, तुमच्याकडून मला काही नको. फक्त एक सांगते. तुमच्या दुकानात काजं करायचे ते काका अजून रस्त्यात भेटतात मला. भल्या मनाचा माणूस. पण दर वेळी विचारतात, 'अगं, तुझ्यासारखीच्या हातून कोट जळला कसा?' बाजारात, लोकांसमोर. पुढे माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलीही तेच ऐकून येतात. त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा."

परतीच्या वाटेवर गाडीत वहिनी मागे आत्याशेजारी बसल्या. बावीस वर्षांनी का होईना, पक्ष बदलला होता. दादा पुढे एकटे. धाकट्याने रेडिओ लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

नंतरच्या दिवसांत दादा जेवायचे, कापायचे, शिवायचे, पण बोलायचे नाहीत. रोज एक कागद काढून त्यावर लिहायचे. वधूपित्याच्या स्वागताच्या भाषणाचा तो कागद होता. 'माननीय विहीणबाई' या शब्दांच्या पुढे तो चार दिवस सरकलाच नाही. आत्याने एकदा धीर करून विचारलं, "काजवाल्या काकांना पत्रिका दिलीस?"

"दिली."

"आणि त्यांना सांगितलंस?"

"वेळ आली की बघू." हे वाक्य आत्याला चांगलंच ओळखीचं होतं. तिने स्वतःच ते किती वर्षं वापरलं होतं.

ती मात्र रोज दुपारी हॉलवर जायला लागली. बारा तारखेला मशिनं आली तेव्हा ती उचलायला होती, तेल द्यायला होती, पुसायला होती. पहिल्या दिवशी कॉलरवाली तिच्याशी कामापुरतं बोलली. दुसऱ्या दिवशी डबा उघडला आणि न विचारता अर्धा पुढे सरकवला. आत्याने खाल्ला.

चौदा तारखेला बासष्ट मशिनं दोन्ही भिंतींशी उभी होती. त्यांवर पांढरं कापड घालायचा दादांचा बेत मुंगीने मोडून काढला होता. "मावशींची मशिनं झाकायला ती काय उघडी माणसं आहेत?" ती म्हणाली. सकाळच्या उन्हात मशिनं चकाकत होती. दारात शिरताच विहीणबाई थांबल्या. विहीणबाईंनी चष्मा नाकावर सरकवला, एका मशिनजवळ गेल्या आणि चाकावरून हात फिरवला.

"माझ्या आईकडे असं होतं," त्या म्हणाल्या. "तिने त्याच्यावर आम्हाला शिकवलं." पुढे जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. एवढ्या दिवसांची दादांची सगळी काळजी दोन वाक्यांत फुकट गेली.

सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. नवरदेव दातांचा डॉक्टर, तो इतका हसत होता की त्याचे स्वतःचे सगळे दात मोजता आले असते. मग दादा उठले, कागद उघडला आणि भाषण वाचलं. सुरेख होतं. माननीय विहीणबाई होत्या, दोन घरांचा धागा होता, टाका होता, अस्तर होतं. कॉलरवाली शेवटच्या रांगेत, दाराजवळ, आपल्याच हॉलमध्ये पाहुण्यासारखी बसली होती. कागद संपला. दादांनी घडी घातली आणि खाली बसले.

आत्याने क्षणभर वाट पाहिली. मग ती उठली.

इतक्या माणसांसमोर ती जन्मात बोलली नव्हती. तिने शेजारच्या मशिनला धरलं. "मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "लग्नात सांगायची गोष्ट नाही, पण ज्यांना कळायला हवी ती सगळी माणसं आज इथे आहेत. आमच्या दुकानात पूर्वी एक कोट जळला होता. तो या हॉलच्या मालकिणीने जाळला असं सगळे समजतात. तो मी जाळला. माझ्यामुळे तिचं काम गेलं, नाव गेलं. मी गप्प बसले."

विहीणबाईंनी मान वळवून आत्याकडे पाहिलं. वर्गात कोणी न सांगता उभं राहिलं की मुख्याध्यापिका बघतात तसं.

"अर्धंच सांगतेय ती," दादांचा आवाज आला. ते कधी उठले ते कोणाला कळलं नाही. कागद हातात चुरगळला होता. "मला तेव्हाच माहीत होतं कोणी जाळला ते. माहीत असून मी या बाईंना काढलं. माझी बहीण वाचावी म्हणून. वर त्यांचंच नाव बदनाम करत राहिलो. चूक हिची होती, पण अन्याय मी केला."

दादांचा आवाज शेवटी इतका खाली गेला की मागच्या रांगांपर्यंत पोचला नाही. आणि मागच्याच रांगेत, कॉलरवालीच्या शेजारी, काजवाले काका बसले होते. नव्वदीला टेकलेले, काठी गुडघ्यांत धरून. त्यांनी कानामागे हात नेला.

"काय म्हणतोय मास्तर?" त्यांनी खणखणीत विचारलं. "ऐकू येत नाही! मोठ्याने बोल!"

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. दादांनी घशाशी हात नेला, पण या वेळी घसा साफ केला नाही.

"कोट हिने जाळला नव्हता, काका!"

"कोणी?"

"कॉलर... " दादा अडखळले. मग त्यांनी पत्रातली ती सही आठवली आणि पहिल्यांदाच, एकशेवीस माणसांसमोर, मोठ्याने तिचं खरं नाव घेतलं, मागे 'बाई' लावून. "यांनी जाळला नव्हता! मला माहीत होतं! मी खोटं बोललो!"

छतातल्या लोंबत्या वायरी हलल्या असतील, एवढा आवाज होता तो. काकांनी गुडघ्यांतली काठी काढून जमिनीवर रोवली. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. मग ते शेजारी वळले, एकदम रागावून.

"आणि तू! इतकी वर्षं मी विचारतोय तुला रस्त्यात, एकदाही सांगितलं नाहीस!"

कॉलरवालीने त्यांचा हात हातात घेतला. ती हसत होती आणि चष्मा काढून पुसत होती, दोन्ही एकदम.

"दर वेळी सांगत होते, काका," ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "तुम्हाला ऐकूच येत नव्हतं."